दुसरा फेरा

"संपलं एकदाचं, रुखमाबाई," असं म्हणत वामनराव पाटावर बसले, आणि रुखमाबाईच्या हातातली वरणाची पळी ताटावर येता येता थांबली. धार भातावर पडायची ती ताटाच्या काठावर पडली आणि तिथून सारवलेल्या जमिनीवर ओघळली. वामनरावांच्या ते ध्यानातही आलं नाही. सकाळीच ते न्हाव्याकडे जाऊन आले होते. गाल गुळगुळीत झाले होते, एका कानामागे साबणाचा वाळका ठिपका राहून गेला होता, आणि तापानं मान इतकी बारीक झाली होती की सदऱ्याच्या सैल गळ्यातून ती एखाद्या पोराची असावी तशी दिसत होती. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये ते कारकून होते. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. दोन्ही वेळचं जेवण रुखमाबाईच्या खानावळीत, तेही इतक्या वर्षांपासून की त्यांना काय हवं-नको ते तिला विचारावं लागत नसे. आज खानावळ पुन्हा उघडल्याचा पहिला दिवस होता आणि सगळ्यांच्या आधी तेच आले होते. "काय झालं?" त्यांनी मान वर करून विचारलं. "काही नाही. हात घसरला," ती म्हणाली आणि फडकं घेऊन जमीन पुसायला वाकली, ती लवकर वर आलीच नाही. वाकल्या वाकल्या तिला बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि रस्त्यावर तर एकही बैल नव्हता.

ताप आषाढाच्या तोंडी आला होता. तो जहाजातून मद्रासला उतरला, तिथून मुंबईत आणि नागपुरात पसरला, असं नगरपालिकेतले मारोतराव पेपर वाचून सांगत. पण दिग्रसात तो मोटरीतून उतरला हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आधी मोटरस्टँडवरचे हमाल पडले, मग त्यांच्या घरची माणसं, मग शाळेतली पोरं, एका बाकावरची झाली की पुढच्या बाकावरची. डॉक्टर त्याला फ्लू म्हणत. अंग मोडून यायचं, डोळे लाल व्हायचे, आठवड्याच्या आत बहुतेक जण उठून बसायचे. कोणी कोणी उठायचे नाहीत. नगरपालिकेनं दवंडी पिटली. आठवडी बाजार बंद, शाळा बंद, मैदानातला तंबूचा सिनेमा बंद, चहाची हॉटेलं आणि खानावळी बंद. पुसदची मोटर कोणी बंद केली नाही, ती आपोआपच थांबली, कारण ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही आडवे झाले. गल्लीगल्लीत कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा कडवट धूर कोंदला. माणसं रुमालावर निलगिरीचं तेल टाकून फिरायची, आणि दोघं समोरासमोर आले की दोघंही आपापल्या बाजूच्या भिंतीला लागून जायचे. म्हाताऱ्या बाया दारं अर्धी लावून एकमेकींना सांगत होत्या, चाळीस वर्षांमागची मानमोडी परत आली. रुखमाबाईनं ते नाव तोंडातून काढलं नाही, पण ती घाबरलीही नाही. जेवणाऱ्यांची पंगत थांबली तरी तिनं चूल थांबवली नव्हती. जे एकेकटे खोल्यांमधून पडले होते त्यांच्यासाठी ती पेज करी आणि गडू नेऊन ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवी. वामनरावांच्या खोलीत तर ती आतच जाई. ते कण्हत असत, ती त्यांना बसतं करी, पेज पाजी, आणि परत येताना रस्ता रिकामा, दारं बंद, कुत्री निवांत झोपलेली पाहून तिला एक प्रकारचं बरं वाटे. बंद गावाची तिला भीती नव्हती. हे तिचं तिलाच नवल होतं.

मग गाव उघडू लागलं. मिटलं होतं तसं एकदम नाही. दुखण्यातून उठलेला माणूस आधी कुशीवर वळतो, मग भिंतीला टेकून बसतो, मग धरून धरून दारापर्यंत येतो, तसं. आधी पिठाची गिरणी सकाळच्या वेळी चालू झाली. मग न्हाव्यांनी पेट्या उघडल्या आणि त्यांच्यासमोर दाढ्या वाढलेल्या माणसांची अशी रांग लागली की कोण कोण आहे ते ओळखू येईना. मग कापडाच्या दुकानांच्या फळ्या निघाल्या. शाळेची घंटा झाली तेव्हा पोरं धावत सुटली आणि मोठी माणसं ओट्यांवर उभी राहून त्यांच्याकडे कौतुकानं पाहत राहिली. पुसदची मोटर आली त्या दिवशी तर लोक स्टँडवर नुसते ती बघायला गेले. रुखमाबाई घरात भाकरी थापत होती. मोटरचा भोंगा ऐकला आणि तिनं हातातली भाकरी मोडून पुन्हा पिठात मळली. दर दिवशी काही ना काही उघडत होतं, आणि ते उघडलं की तिच्या छातीत काही तरी आवळून बसत होतं. ते काय, हे तिला वामनराव पाटावर बसेपर्यंत कळलं नव्हतं. संपलं एकदाचं. हेच शब्द, याच गावात, असाच गुळगुळीत दाढी केलेला बाप तिला खांद्यावर घेऊन म्हणाला होता.

मानमोडीच्या साली ती सात-आठ वर्षांची असेल. अरुणावतीच्या काठाकाठानं वर गेलं की एक लहानसं गाव लागे, ते तिचं माहेर. मानमोडी म्हटलं की लोकांना दिवाळीच्या सुमाराची प्रेतं आठवतात, नदीवर लाकूड पुरलं नाही ते आठवतं. तिला आठवे तो पोळ्याच्या आधीचा बाजार. मानमोडी दोनदा आली होती, हे लोक विसरून गेले होते. पहिल्यांदा आली ती पाहुणीसारखी. थोडे दिवस सारं गाव निजलं, खोकलं, काढे प्यालं आणि उठलं. एक-दोन म्हातारे गेले, पण म्हातारे जातातच. मग बंद पडलेला दिग्रसचा बाजार उघडला, आणि बाप तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. इतकी माणसं तिनं त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पाऊस नीट झालेला नव्हता, तरी लोक खुशीत होते. आजारातून उठलेली माणसं एकमेकांना शोधत होती, सापडली की कडकडून भेटत होती, तू जिता आहेस का म्हणून पाठीत गुद्दे घालत होती. बापानं बैलांसाठी घुंगरमाळा घेतल्या, शिंगांसाठी बेगड घेतली. तिला कासारापुढे बसवलं. कासारानं तिचा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या. तो मधूनमधून बाहीला नाक पुसत होता. रेवड्यांचा पुडा घेतला. एका म्हातारीनं रांजणातून पाणी दिलं, तोच लोटा सगळ्यांच्या तोंडी लागत होता. बापाच्या ओळखीचा एक माणूस गर्दीतून आला, त्यानं बापाला मिठी मारली, तिचाही गालगुच्चा घेतला, आणि बाप तोंडातली रेवडी एका गालात सरकवून हसत हसत म्हणाला, "संपलं एकदाचं." सारा बाजार वाजत होता. तिला वरून सगळ्यांची डोकी दिसत होती, पागोटी, टोप्या, केसांतली फुलं, आणि वाटत होतं की आपण अशाच उंच राहू.

दसऱ्याला आई गेली. मग पाळण्यातला भाऊ. बाप शेवटी गेला, पण त्याआधी किती तरी वेळ त्याला पाणी द्यायला तिच्याशिवाय घरात कोणी नव्हतं. मामा येऊन तिला घेऊन गेला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या जशाच्या तशा होत्या, एकही पिचलेली नव्हती. पुढे लग्न होऊन ती याच दिग्रसात आली, आणि नवऱ्याच्या घराच्या परसदारातून बाजाराचं मैदान दिसायचं. नवरा जिनिंगमध्ये मुकादम होता. तो गेल्यावर तिनं खानावळ घातली, मुलगी वाढवली, लग्न करून दिली. सगळं रीतसर झालं. पण त्या एका दिवसापाशी ती आयुष्यभर परत परत जात राहिली. कोण होता तो, ताप घेऊन आलेला? कासार होता का? तो लोटा होता का? की मिठी मारणारा माणूस? की बापाच्या खांद्यावर ती होती आणि बापाच्या पाठीमागे कोणी तरी शिंकलं होतं, आणि तिनं वळून पाहिलं नव्हतं? त्या दिवसात कुठे तरी तो बसला होता आणि तिला दिसला नव्हता. सगळ्यांत वाईट हे होतं की तो दिवस फार सुखाचा होता. त्यासारखा दुसरा दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. कधी काही चांगलं झालं, म्हणजे मुलीचं, इंदूचं लग्न ठरलं किंवा इंदूला दिवस गेल्याचं कळलं, की तिच्या जिभेवर रेवडीची चव येई आणि तळवे गार पडत.

वामनराव त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशीही आले. नंतर एक दिवस आले नाहीत, तेव्हा रुखमाबाईनं जाऊन पाहिलं तर ते भिंतीशी बसले होते आणि श्वास घेताना त्यांची छाती घरघरत होती. डॉक्टर आले, सुई दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव गेले. खानावळीत मारोतराव म्हणाले, "तापानं छाती पोकळ करून ठेवलती त्यांची. तो जुनाच ताप, ताई. नवीन काही नाही. गावात आता केस नाही एकही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हळहळले, ताक प्याले, आणि कोणी तरी तंबूतला सिनेमा परत केव्हा लागणार याची चौकशी केली. रुखमाबाई वाढत होती. तिला दिसत होतं ते एवढंच, की माणूस उठला, दाढी केली, हसला, आणि मग मेला. त्या वेळीही असंच झालं होतं. ज्यांना पहिल्यांदा गाठलं नव्हतं त्यांना दुसऱ्यांदा गाठलं होतं. आणि पहिल्या फेऱ्यात गाव कसं घाबरून, दारं लावून बसलं होतं, तर दुसऱ्या फेऱ्याला सगळी दारं सताड उघडी सापडली होती.

आणि इंदू सोमवारी येणार होती.

इंदू तिची एकुलती एक मुलगी. पुसदला दिली होती, जावई तिथल्या शाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण, सातवा लागला होता. मोटरी बंद नसत्या तर केव्हाच माहेरी आली असती. उन्हाळाभर रुखमाबाईनं मागची खोली तयार केली होती. भिंतींना पांढरी माती दिली, जुन्या लुगड्यांची मऊ फडकी धुऊन, उन्हात तापवून गाठोड्यात बांधली, डिंक आणला, खारका फोडून ठेवल्या. आता ती त्या खोलीच्या दारात उभी राहिली की तिला तिथं बाज दिसे, बाजेवर इंदू दिसे, आणि इंदूला पाणी देणारं घरात कोणी दिसत नसे. हे खोटं आहे, हे तिला कळत होतं. ती स्वतः होती की पाणी द्यायला. पण त्या चित्रात ती नव्हती.

किसनसिंग पुसदच्या मोटरीवर ड्रायव्हर होता. आजारातून उठून तोही कामावर आला होता, आणि दिग्रसला मुक्काम असला की रुखमाबाईकडेच जेवे. रविवारी तो हात धुऊन उठला तेव्हा ती त्याच्या मागोमाग ओसरीवर आली.

"किसन, उद्या पुसदले जाऊन राह्यला ना?"

"हो मावशी. अन् दुपारी तुमच्या इंदूले घेऊनच येतो. मी जपून आणतो, काही फिकर करू नका."

"तिले सांगजो, येऊ नको."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काहून?"

"गाव चांगलं नाही."

"आता काय झालं गावाले? सारं त उघडलं."

"म्हणूनच," ती म्हणाली.

ओसरीखाली लालीबाई जळतणाचा भारा उतरवत होती. ती जवळच्या तांड्यावरची बंजारा बाई, रुखमाबाईपेक्षा वयानं मोठी. दर दोन-चार दिवसांनी लाकडं घेऊन येई, आणि लाकडं देऊन झाली की ओसरीच्या पायरीवर बसून चहा घेतल्याशिवाय जात नसे. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. "ये याडी! अवं माय!" ती म्हणाली. "लेकीले येऊ नको म्हनते? पहिली खेप हाय तिची. माहेरी नाही येनार त कुठं जाईन?"

"तिची सासू आहे तिथं."

"सासू सासू असते वं. तुले भेव कायचं वाटून राह्यलं? आमच्या तांड्यानं त रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या. बाहेरचा मानूस आत नाही, आतला बाहेर नाही. पन काढल्या आता. किती दिवस ठेवनार? लेकरं तोंडाकडं पाहून पाहून रडत होती."

रुखमाबाईला पुष्कळ सांगायचं होतं. बाजार, बाप, उंचावरून दिसणारी डोकी. पण ते ओठांवर आणून पाहिलं की त्यात भीती वाटण्यासारखं काहीच उरत नव्हतं. एक माणूस आपल्या मुलीला बाजार दाखवायला घेऊन गेला, तिला बांगड्या भरल्या, रेवड्या दिल्या. यात भ्यायचं काय? "मानमोडीत मी पाह्यलं आहे," एवढंच ती म्हणाली. "तो ताप परत येते. सारं उघडलं की मंग येते." आणि किसनसिंगला म्हणाली, "सांगजो तिले. मायनं सांगतलं म्हणजो."

सोमवारी दुपारी मोटर आली. ती स्टँडवर गेली नाही. चुलीशी बसून भोंगा ऐकला. थोड्या वेळानं किसनसिंग एकटाच आला, टोपी हातात घेऊन. इंदू तयार होऊन उभी होती, तो म्हणाला. ट्रंक दारात आणून ठेवली होती. सासूनं दही-साखर हातावर दिली होती. मग त्यानं निरोप सांगितला. रुखमाबाईनं विचारलं, "काय म्हणे?" "काही नाही म्हणे. उभीच होती. मंग म्हणे, बरं. अन् ट्रंक स्वतःच उचलून आत नेऊन राह्यली होती, मी म्हटलं ठेव, मी नेतो, त माझ्याकडं पाह्यलंच नाही तिनं." तो पाटावर बसला, पण भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून राहिला. "मावशी, बरं नाही केलं तुम्ही," तो हळूच म्हणाला, आणि मग जेवू लागला.

त्यानंतर रुखमाबाई वाट पाहू लागली. श्रावण संपत आला, पोळा आला. परसदारातून बाजार दिसत होता. बेगडीचे ढीग उन्हात चमकत होते, माणसं माणसांना खेटून चालत होती. ती मागचं दार लावून घेई. खानावळीत तिनं पाट लांब लांब मांडले, ताटं उकळत्या पाण्यातून काढायला सुरुवात केली, आणि वाढताना कोणी खोकलं की तिचा हात थबकायचा. लोकांनी आधी थट्टा केली. "ताई, सोवळ्यात बसवता का आम्हाले?" मारोतराव म्हणत. मग एकेक जण स्टँडजवळ नवीन निघालेल्या हॉटेलात जाऊ लागला. तिथं लोक बाकावर मांडीला मांडी लावून बसत, आणि रेडिओ लावलेला असे. मारोतराव तेवढे येत राहिले. दसरा आला. संध्याकाळी ते सोनं द्यायला आले, आपट्याची पानं पुढे केली. तिनं पदर पसरून घेतली, हातात घेतली नाही. ते गेल्यावर ती दारातच उभी राहिली. रस्त्यानं माणसं घरोघर जात होती, पाया पडत होती, उराउरी भेटत होती, आणि ती एकेका चेहऱ्याकडे बघत होती, याच्या डोळ्यात लाली आहे का, हा जरा अडखळला का. दसऱ्यालाच आई गेली होती. म्हणजे आता. आजपासून.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी किसनसिंगनं बातमी आणली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. "इंदूनं काही सांगतलं?" "नाही." "मास्तरानं?" "मास्तरानं सांगतलं ना. त्यानंच तर सांगतलं." ती आत गेली आणि मागच्या खोलीत बसली. पांढरी माती दिलेल्या भिंती, गाठोडं, डिंकाचा डबा. तिला आनंद झाला होता का? झाला असावा, कारण तळवे गार पडले होते.

मग कार्तिक लागला आणि जिनिंग चालू झाल्या. कापसाच्या गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत गेल्या. खेड्यापाड्यांतून मजूर आले, बाया आल्या, पुसद-यवतमाळकडचे व्यापारी आले, तंबूचा सिनेमा परत लागला. इतकं उघडं गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. यायचा असेल तर तो आता येईल, तिला वाटलं. आणि खरंच, सारं गाव खोकू लागलं. मजूर खोकत होते, गाडीवान खोकत होते, मारोतराव जेवता जेवता तोंड फिरवून खोकले. मग तिच्या ध्यानात आलं की दर साली हे असंच होतं. जिनिंगच्या दिवसांत कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात, झाडांच्या पानांवर, तारांवर, माणसांच्या भुवयांवर बसतात, आणि गाव चैत्रापर्यंत खोकत राहतं. इतकी वर्षं ती याच खोकल्यात जगली होती आणि तो तिनं कधी ऐकला नव्हता. आता तिला त्यातून तो दुसरा खोकला वेगळा काढायचा होता. ती दिवसभर कान लावून बसे. ऐकून ऐकून तिला स्वतःचा श्वासही परका वाटू लागला.

तो आला नाही. कार्तिक संपला, तो आला नाही. वामनराव गेले ते शेवटचे. त्यांच्यानंतर त्या तापानं गावात कोणी गेलं नाही. लोक त्याचं नावही विसरले. एका दुपारी लालीबाई पायरीवर बसून चहा पीत असताना सहज म्हणाली, "मंग? आला का तुहा ताप परत?" रुखमाबाई "नाही" म्हणाली, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात असं काही उतरलं की लालीबाईनं कप खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. रुखमाबाईनं तोंड फिरवलं. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला होता. तो सुटल्याचा आवाज नव्हता. इतके महिने ती ज्याला भीत होती, त्याची ती वाटही पाहत होती. तो आला असता तर किसनसिंगला कळलं असतं, लालीबाईला कळलं असतं, इंदूला कळलं असतं. गाव मेलं असतं आणि ती खरी ठरली असती. मनाच्या एका कोपऱ्यात हे होतं, आणि तिथं रुखमाबाई नावाची बाई बसली नव्हती. एक लहान पोर बसली होती, हातात नव्या बांगड्या घालून, कोणी तरी येऊन आपल्याला काय झालं ते विचारेल म्हणून. कोणी विचारलं नव्हतं. मामानं घरी नेलं, जेवायला घातलं, न्हाऊ घातलं, विचारलं नाही. "जाऊन ये वं पुसदले," लालीबाई म्हणाली. "कवाची बसून राह्यली अशी."

मार्गशीर्षात ती पुसदला गेली. जावई शाळेत होता. विहीणबाई, लीलाबाई, दारात आल्या, पाय धुवायला पाणी दिलं, या म्हणाल्या, आणि चहा ठेवता ठेवता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "फार अडली होती वं पोरगी. रात्र गेली, दिवस गेला, दाईनं हात टेकले. सारखी आई आई करे. मी म्हणो, मी आहे ना बाप्पा, त माझा हात धरून पुन्हा आई आईच करे. झालं बिचारीचं नीट. तुम्ही बसा, ती आत आहे."

इंदू आत बाजेवर बसली होती. वाळली होती. आईला पाहून तिनं पदर सारखा केला, उठली नाही. "मोटरीनं आली?" तिनं विचारलं. "हो." "किसनदादाची?" "हो." बाहेर कोणी तरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"इंदू, मी लहान होती तवा," रुखमाबाई म्हणाली.

"मले माहीत आहे. मानमोडीत तुये सारे गेले. साऱ्यांचेच गेले, आई. यांच्या आजीचेही गेले."

"ते नाही सांगत."

"मंग काय?"

रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी विचारलं होतं, आणि विचारणारी चिडलेली होती, थकलेली होती, तिचे डोळे कोरडे होते. "बजार उघडला होता," ती म्हणाली. "बापानं मले खांद्यावर घेतलं होतं. लय मजा आली होती." आणि पुढे तिला बोलता येईना. इंदू समजण्यासारखं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. मिळालं नाही. ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली, बापाच्या खांद्यावर बसलेल्या कुठल्याशा पोरीसाठी एक म्हातारी होत चाललेली बाई आपल्यासमोर अशी का थरथरते आहे हे तिला कळेना; पण पाहता पाहता तिचा धीर संपला, की राग संपला, कोणास ठाऊक. ती वाकली, झोळीतून बाळाला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

बाळ झोपेत होतं. झोपेनं ऊबदार, घट्ट मुठी मिटलेलं. रुखमाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिचा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला. कपाळ तापलेलं वाटलं. की तिचाच हात गार होता? तिनं तळवा उलटा करून पाहिला, मग मानेपाशी लावला, मग पुन्हा कपाळावर. काहीच नक्की होईना.

"ताप नाही तिले, आई," इंदू म्हणाली.

"माहीत आहे मले," रुखमाबाई म्हणाली. तिला ते खरंच माहीत होतं. पण हात तिथून निघाला नाही.